सेशेल्सची व्यापार सचिव, दोन दिवसांपुरती

शुक्रवारी रात्री मी कणीक मळत होते. चिरंजीव स्वयंपाकघराच्या दारात येऊन चौकटीला टेकून उभे राहिले. ते असे उभे राहिले की पैसे तरी हवे असतात, नाहीतर गाडी.

"आई, उद्या-परवा काय करतेस?"

"शनिवारी हाफ डे आहे. का?"

"आमच्या टीममधल्या एकीला डेंगी झालाय. तू सेशेल्सची व्यापार सचिव होशील?"

सेशेल्स मला माहीत होतं ते बंदराच्या नावावरून. व्हिक्टोरिया. गेली १९ वर्षं मी चिंचवडला एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाची चेकलिस्ट, बीएलचा (जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीचा) ड्राफ्ट आणि ओरिजिन. ओरिजिन म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, माल कुठल्या देशात तयार झाला त्याचा दाखला. दोन देशांत सवलतीचा करार असेल तर या एका कागदावर समोरच्या बंदरात ड्युटी माफ होते किंवा कमी होते. कागद चुकला तर होत नाही. माझ्या हातून एकदा चुकला आहे. बोट सुटल्यावर तीन दिवसांनी ओरिजिन निघालं होतं, त्यावर 'माल रवाना झाल्यानंतर दिलेले' असा शेरा हवा होता, तो बघायचा माझा राहिला. आफ्रिकेतल्या त्या बंदरात गिऱ्हाइकाला पूर्ण ड्युटी भरावी लागली आणि तो परत आमच्याकडे फिरकला नाही. तेव्हापासून कुठलाही कागद मी खालून वर वाचते.

मुलाच्या कॉलेजात राज्यशास्त्राच्या पोरांना दरवर्षी असा खेळ देतात. चिठ्ठ्या टाकून दोन छोटे देश काढायचे, पाच-पाच जणांची दोन शिष्टमंडळं करायची, आणि दोन दिवसांत मैत्री व व्यापार वाढवायचा करार वाटाघाटी करून सहीपर्यंत न्यायचा. भाषा मराठी. सरांचा आग्रह असा की इंग्रजीत पोरं पाठ केलेलं बोलतात, मराठीत बोलायचं म्हटलं की विचार करावा लागतो. यंदा चिठ्ठीत मॉरिशस आणि सेशेल्स निघाले होते. बाहेरचं माणूस चालेल का, असं विचारल्यावर सर म्हणाले होते, "कस्टम्समधलं असेल तर पळत घेऊन या."

शनिवारी ऑफिसातून हाफ डेऐवजी पूर्ण रजा टाकली आणि पिंपरीहून मेट्रोत बसलो. मुलानं दोन पानं हातात दिली. सेशेल्स: ११५ बेटं, सगळी जमीन मिळून ४५५ चौरस किलोमीटर, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. २०२१ मध्ये २३ गावं आत घेतल्यावर पुणे महापालिकेचीच हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. म्हणजे अख्खा देश पुण्याच्या हद्दीत बसेल आणि वर पार्किंगला जागा उरेल. मॉरिशस त्या मानानं मोठा, २,०४० चौरस किलोमीटर, साडेबारा लाख लोक. दोन्ही देशांत चलनाला रुपयाच म्हणतात. १९०३ पर्यंत सेशेल्सचा कारभार मॉरिशसमधूनच चालायचा, मग इंग्रजांनी वेगळी वसाहत केली. मॉरिशस १९६८ ला स्वतंत्र झालं, सेशेल्स १९७६ ला. मध्ये समुद्र किती? सुमारे १,७५० किलोमीटर. पुणे-दिल्ली विमानाच्या दीडपट.

सिव्हिल कोर्टला गाडी बदलून डेक्कनला उतरेपर्यंत माझी दोन्ही पानं वाचून झाली होती आणि एक प्रश्न उरला होता. इतक्या लांबच्या, इतक्या छोट्या दोन दुकानदारांनी एकमेकांना विकायचं तरी काय?

वर्गात बाकं जोडून लांब टेबल केलं होतं, त्यावर हिरवं कापड. हे कापड पुण्यातल्या प्रत्येक सभागृहात एकच असतं अशी माझी खात्री आहे. समोर मॉरिशस बसलं होतं. त्यांचा प्रमुख सोलापूरचा मुलगा, मित्राचं ब्लेझर घालून आलेला, बाह्या बोटांपर्यंत. आमचा प्रमुख माझाच मुलगा, पण त्या टेबलावर तो मला "सचिव महोदया" म्हणत होता. घरी गेल्यावर याची परतफेड करायची असं मी ठरवून टाकलं.

आमच्या टीमनं आधीच मसुदा करून आणला होता. १४ कलमं. पहिल्या चारांत "ऐतिहासिक मैत्रीचे बंध अधिक दृढ करण्याचा निर्धार" निरनिराळ्या क्रियापदांनी केलेला. 'दूतावास' हा शब्द तीनदा. दोघेही राष्ट्रकुलातले, त्यामुळे त्यांच्यात दूतावास नसतो, उच्चायोग असतो, हे सरांनी आल्या आल्या सांगितलं आणि पोरांनी कान पकडले. त्यापुढे सहा संयुक्त समित्या: व्यापार, मत्स्यव्यवसाय, पर्यटन, शिक्षण, संस्कृती, हवामान. प्रत्येकीची बैठक वर्षातून दोनदा.

मी विचारलं, "या समित्यांवर आपल्याकडून जाणार कोण?"

"अधिकारी."

"किती आहेत?"

गप्प. ऑफिसात आमच्या मालकांनी मागे नवीन सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा मी हेच विचारलं होतं, की यात भरणार कोण. सहा समित्या, वर्षाला बारा बैठका, प्रत्येकीची तयारी, प्रवास, इतिवृत्त. पुणे महापालिकेत जेवढी माणसं एका खात्यात असतील तेवढ्यात सेशेल्सला अख्खं परराष्ट्र खातं चालवायचं आहे. त्यातलाच एखादा माणूस सकाळी जागतिक व्यापार संघटनेचा कागद वाचतो (सेशेल्स २०१५ मध्ये तिचं १६१ वं सदस्य झालं), दुपारी कोमेसाचा (आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या देशांचा व्यापारी गट) आणि संध्याकाळी हिंदी महासागर आयोगाचा. मोठ्या देशाला समिती म्हणजे एक जीआर. छोट्या देशाला समिती म्हणजे एक माणूस कायमचा गेला. मी सांगून टाकलं, सचिव म्हणून मला एकच समिती चालेल. पाच कापा.

मॉरिशसच्या चष्मेवाल्या मुलीनं लगेच टिपून घेतलं की सेशेल्स सहकार्याला अनुत्सुक आहे. मुलगा माझ्याकडे रागानं बघत होता. पण सर मागच्या बाकावरून म्हणाले, "हे लिहून ठेवा, हे पुस्तकात नाही."

मग दोन तास ड्युटीची घासाघीस झाली. मॉरिशसला साखर, पीठ आणि कपडे विकायचे होते. साखर म्हटल्यावर सोलापूरच्या पोराच्या अंगात आलं. तो टनेज, मळी, बगॅस असं इतक्या सहज बोलायला लागला की कुणाला वाटावं त्याचा कारखाना पोर्ट लुईलाच आहे. आम्ही म्हणत होतो साखरेवर ड्युटी निम्मी करतो, त्या बदल्यात तुम्ही आमच्या माशांवरची काढा. ते म्हणत होते साखरेवरची पूर्ण काढा. आकडे वर जात होते, खाली येत होते. मी गप्प बसून ऐकत होते आणि मला काहीतरी टोचत होतं. शेवटी विचारलं, "सध्या ड्युटी आहे तरी किती?"

कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे नवीन पोरगी कामाला लागली की मी तिला पहिली हीच सवय लावते, सवलत मागायच्या आधी आत्ता काय चालू आहे ते बघ. चष्मेवालीनं लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांनी तिचा चेहरा पडला. दोघेही कोमेसाच्या मुक्त व्यापार क्षेत्रात आहेत. मॉरिशस २००० सालापासून, सेशेल्स २००९ पासून. माल मूळचा त्या देशाचा असेल तर एकमेकांच्या मालावर ड्युटी शून्य. आम्ही दोन तास शून्य निम्मं करत बसलो होतो.

सरांना हे आधीपासून माहीत होतं हे त्यांच्या मिशीवरून कळत होतं.

पण माझ्या दृष्टीनं खरी गंमत तिथून सुरू झाली, कारण "मूळचा त्या देशाचा असेल तर" हे माझं क्षेत्र. कोमेसात त्याचे निकष ठरलेले आहेत. माल पूर्णपणे तिथेच पिकलेला किंवा तयार झालेला असावा, नाहीतर बाहेरून आणलेल्या कच्च्या मालावर पुरेसं काम झालेलं असावं. किमान ३५ टक्के मूल्यवर्धन हा त्यातलाच एक निकष. मी पोरांना विचारलं, "आपण ट्यूनाचे डबे विकतो. मासा कुठला?"

"आपला. आपल्या समुद्रातला."

"पकडला कुणी?"

व्हिक्टोरिया बंदरात ट्यूनाचा मोठा कारखाना आहे, जगातल्या मोठ्या कारखान्यांत त्याची गणती होते. पण त्या पाण्यात मोठ्या जाळ्यांनी मासा पकडणाऱ्या बोटींत स्पेनच्या आणि फ्रान्सच्याही बोटी असतात. आणि खोल समुद्रातल्या माशाचं गाव ठरतं ते बोटीच्या झेंड्यावरून. बोट स्पेनची तर मासा स्पेनचा, मग तो पोहत कुठेही असो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत पकडला तर गोष्ट वेगळी. त्यापुढे बोटीची नोंदणी कुठली, मालक कुठला, हे कागद लागतात. पोरं अवाक. एक जण म्हणाला, "म्हणजे आपल्या अंगणात फिरणारी कोंबडी शेजाऱ्यानं पकडली की शेजाऱ्याची?" म्हटलं, कोंबडी तुझ्या अंगणातच राहत असती तर भांडता आलं असतं. हा मासा आज इथे, पुढच्या महिन्यात मालदीवला.

त्यांना वाकाशिओचं उदाहरण दिलं. २०२० च्या जुलैत मॉरिशसच्या किनाऱ्यावर खडकावर चढलं ते जहाज. तेल सांडलं मॉरिशसच्या पाण्यात, मालक जपानी, झेंडा पनामाचा. समुद्रात कुठल्याही वस्तूचा मालक शोधायला गेलं की असे तीन-चार पत्ते निघतात.

तेवढ्यात आणखी एक अडचण बाहेर आली. मॉरिशसही ट्यूना डबाबंद करून विकतं. दोघांचंही मोठं गिऱ्हाईक युरोप. म्हणजे एकाच गल्लीत दोन वडापावच्या गाड्या, आणि आपण ठरवतोय की त्यांनी एकमेकांकडून वडापाव घ्यावा. छोट्या बेटांचा आपसातला व्यापार का वाढत नाही याची कारणं पोरांनी मोठमोठी शोधून आणली होती. मला हे एक पुरेसं वाटतं, आणि दुसरं म्हणजे बोट. वीस फुटी दोन कंटेनरसाठी बोट आपली वाट वाकडी करत नाही. माल आधी मोठ्या बंदरात जातो, तिथे उतरतो, दुसऱ्या बोटीची वाट बघतो. न्हावा शेव्यात आमचा माल एका कट-ऑफनं (बंदरात माल पोचवायची शेवटची वेळ) चुकला तरी तोंडचं पाणी पळतं. इथे तर बोट चुकली की दुकानातलं शेल्फ रिकामं.

जेवायला मिसळ. कॉलेजच्या कॅन्टीनची मिसळ म्हणजे मटकी शोधून काढायची, पण पाव ताजे होते. मॉरिशसच्या पोरांनी जेवताना सांगितलं की तिकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि मराठी माणसांची जुनी वस्ती आहे, उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांची. सोलापूरकर म्हणाला, "काकू, आम्ही तर आपलेच की." म्हटलं, वाटाघाटीत भावकी काढायची नाही. सकाळी मी 'मॅडम' होते, मिसळीनंतर 'काकू' झाले.

दुपारी मी एक कलम सुचवलं आणि ते बऱ्यापैकी टिकलं. आमच्या सोसायटीतल्या बायका दर वर्षी मावळातून इंद्रायणी तांदूळ एकत्र मागवतो. एकटीनं वीस किलो मागितला तर शेतकरी घरपोच देत नाही. आम्ही सहाशे किलो मागवतो, तो टेम्पो घेऊन येतो आणि भावही उतरवतो. तसंच दोन बेटांनी जे दोघांनाही बाहेरून आणावं लागतं ते एकत्र का मागवू नये? एकमेकांना विकायचं कमी असेल, पण विकत घ्यायचं सारखंच आहे. सरांनी सांगितलं की पूर्व कॅरिबियनमधली छोटी बेटं १९८६ पासून औषधांची एकत्र खरेदी करतात. मला आनंद झाला. आमचा तांदूळ नंतरचा असला तरी कल्पना मी कुणाची उचलली नव्हती.

पर्यटनाचं कलम पाच मिनिटांत झालं. त्या भागातल्या बेटांनी २०१० मध्ये 'व्हॅनिला आयलंड्स' या नावानं एकत्र जाहिरात सुरू केलीच आहे. त्याला पाठिंबा, पुढचा मुद्दा.

साडेचार वाजता चहा आणि क्रीमरोल आले आणि सरांनी तोवर लपवून ठेवलेला कागद बाहेर काढला. नकाशा होता. दोन देशांच्या मध्ये समुद्रात एक लांबट डाग रंगवलेला.

"हे काय आहे?" कुणालाच सांगता येईना.

मॉरिशस आणि सेशेल्सच्या मध्ये पाण्याखाली एक मोठं पठार आहे, मॅस्करीन पठार. त्यावर साया द मल्हा नावाचा उथळ भाग आहे. नाव पोर्तुगीज, अर्थ जाळीदार घागरा, कारण तिथे समुद्री गवताचे ताटवेच्या ताटवे आहेत. समुद्राच्या कायद्यात किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा तळ देशाचा. त्याच्यापुढेही आपलीच जमीन पाण्याखाली पसरली आहे असं शास्त्रीय पुराव्यानं दाखवता आलं, तर वाढीव तळ मागता येतो. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगापुढे अर्ज करायचा. बऱ्याच देशांना त्याची मुदत मे २००९ होती. आणि त्या आयोगाचा एक नियम आहे: तळावरून भांडण असेल तर संबंधितांच्या संमतीशिवाय तो अर्जाला हात लावत नाही.

आता बघा. मॉरिशसनं वेगळा अर्ज केला असता, सेशेल्सनं वेगळा, तर दोन्ही दावे एकमेकांवर चढले असते. एकानं हरकत घेतली की दोघांचाही अर्ज पडून. म्हणून त्यांनी डिसेंबर २००८ मध्ये एकत्र अर्ज केला. आधी सीमा ठरवून मग अर्ज, असं नाही. सीमा बाजूला ठेवून अर्ज. मार्च २०११ मध्ये आयोगानं मान्य केला, आणि १३ मार्च २०१२ ला दोघांनी दोन करार केले: तळावरचा हक्क एकत्र गाजवायचा आणि कारभार एकत्र बघायचा. क्षेत्र किती? सुमारे ३ लाख ९६ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्र ३ लाख ८ हजार आहे. दोन टिकल्यांएवढ्या देशांच्या हातात अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा तळ आला, आणि मध्ये बांध नाही. तिथून जे उत्पन्न येईल ते निम्मं-निम्मं.

मी क्रीमरोल खाली ठेवला.

माझे वडील सासवडजवळचे. ३४ गुंठे जमीन, त्यात अंजीर आणि एक विहीर. सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी. वडील गेल्यावर भावानं हक्कसोडीचा कागद आणला, सगळ्याच भावांकडे तो तयार असतो. मी सही केली नाही. मग त्यानं मोजणीचा अर्ज केला, मी हरकत घेतली, कारण त्याच्या नकाशात विहीर नेमकी त्याच्या बाजूला जात होती. गेली चार वर्षं आमची दोघांची फोनवर 'बरं आहे का' च्या पुढे गाडी जात नाही. अंजिराचा खट्टा बहार कुणी धरायचा यावरून अडून बसलो आणि दोन वर्षं बहार धरलाच नाही.

हे मी पोरांना सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की याला आमच्याकडे सामाईक म्हणतात, विहिरीला पाळी असते तसं. पण माझा आवाज बदलला असावा, मुलानं एकदम वर बघितलं. त्याला सगळं माहीत आहे.

तळाचा कारभार त्यांनी तीन थरांत ठेवला आहे. वर मंत्र्यांची परिषद, मध्ये संयुक्त आयोग, खाली रोजचं काम बघणारं प्राधिकरण. मी सकाळी समित्यांवर एवढं तोंडसुख घेतलं होतं, आणि इथे त्यांनी स्वतःहून तीन थर केले होते. मुलानं ते लगेच पकडलं. "महोदया, इथे माणसं कुठून आली?" मला उत्तर सुचलं ते रात्री, भांडी लावताना. इथे राखायला काहीतरी आहे. सहा समित्यांकडे राखायला काही नव्हतं, नुसतं भेटायचं होतं.

रविवारी सकाळी कलमं लिहायला बसलो आणि गाडी समुद्रकाकडीवर अडली. सांगते. सामाईक आहे तो तळ, वरचं पाणी नाही. २०० मैलांपलीकडचं पाणी सगळ्या जगाचं. मग तिथला मासा? तो जगाचा. आणि तळावरचा जीव? समुद्राच्या कायद्यात तळाचे जीव म्हणजे कोण, याची व्याख्याच दिली आहे: पकडण्याजोगे झाल्यावर जे तळावर किंवा तळाखाली स्थिर असतात, किंवा सतत तळाला टेकल्याशिवाय हलूच शकत नाहीत, ते. समुद्रकाकडी तळावरून सरपटते, म्हणून ती दोन्ही देशांची. तिच्या वीतभर वरून जाणारा ट्यूना कुणाचाच नाही. खेकड्याचं काय? लॉब्स्टर? तो चालतो पण मध्येच उडीही मारतो. पाऊण तास या उडीवर गेला. सर मध्ये पडले नाहीत. मला तर आमच्या ऑफिसात एचएस कोड, म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांक, लावतानाचे वाद आठवले. आंब्याची पोळी हे फळ की मिठाई, यावर आम्ही एकदा डबा खायचा विसरलो होतो. शेवटी मसुद्यात लिहिलं: "ज्या जिवांबाबत शंका असेल त्यांची यादी संयुक्त आयोग करील." पोरं म्हणाली ही पळवाट आहे. म्हटलं, हो, पण लिहिलेली पळवाट आहे.

नंतर एकदा मात्र वातावरण तापलं. मॉरिशसला प्रस्तावनेत छागोसचा उल्लेख हवा होता. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या आधी, ब्रिटननं छागोसची बेटं मॉरिशसपासून तोडली आणि त्याच झटक्यात अल्दाब्रा, फारकार आणि देरोश ही बेटं सेशेल्सकडून काढून घेतली. सेशेल्सची तीन १९७६ ला स्वातंत्र्याबरोबर परत मिळाली. मॉरिशसची मिळाली नाहीत, ते भांडत राहिले, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सल्लागार मत त्यांच्या बाजूनं दिलं. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, व्यापाराच्या करारात हे कशाला, ब्रिटनला उगाच का डिवचायचं. सोलापूरकरानं ब्लेझर काढून खुर्चीला अडकवलं. "तुमची बेटं परत मिळाली म्हणून तुम्हाला सोपं आहे," तो म्हणाला. वर्गात शांतता झाली. मला ते वाक्य लागलं, कारण खरं होतं. ज्याची विहीर त्याच्या बाजूला आली आहे त्याला मोजणी घाईची वाटत नाही.

एक ओळ घातली. "दोन्ही देश १९६५ च्या विभाजनाचा समान अनुभव स्मरतात." छागोसचं नाव नाही, पण साल आहे. मॉरिशसचं पूर्ण समाधान झालं नाही. आमचंही नाही.

दुपारी तीनला १४ कलमांची पाच उरली होती: एकत्र खरेदी, ओरिजिनच्या दाखल्यांची एकमेकांकडून ऑनलाइन पडताळणी (हे माझं, यावर मी कुणाला बोलू दिलं नाही), पर्यटन, तळाच्या जिवांची यादी, आणि एकच समिती. मैत्रीचे बंध एका वाक्यात दृढ झाले.

सहीच्या वेळी सरांनी दोन फोल्डर आणले, एक निळं, एक हिरवं. कराराच्या दोन प्रती असतात आणि त्या हुबेहूब सारख्या नसतात. मॉरिशसनं ठेवायच्या प्रतीत मॉरिशसचं नाव आधी आणि सही डावीकडे, सेशेल्सच्या प्रतीत सेशेल्सचं आधी. म्हणजे कुणीच दुसरा नाही. इतकी वर्षं कागदांत काढून मला हे माहीत नव्हतं, आणि फार आवडलं. मी दोन्ही प्रती खालून वर वाचल्या. तारीख, कलमांचे क्रमांक, नावांचा क्रम. एका ठिकाणी 'सेशल्स' झालं होतं, ते पेनानं दुरुस्त करून दोघांच्या आद्याक्षरी सह्या घेतल्या. फोटो झाले. हस्तांदोलन करताना सोलापूरकराची बाही परत बोटांवर आली. चहा, समोसे, फोल्डर टेबलावर, गप्पा.

मेट्रोत मुलगा झोपला. मी भावाला मेसेज टाकला: विहिरीची पाळी लिहून काढू, मोजणीचं नंतर बघू. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

घरी आल्यावर सोमवारी ऑफिसात दाखवायला म्हणून फोल्डर काढलं. निळं. उघडलं तर पहिलंच नाव मॉरिशस, डावीकडे सोलापूरकराची लांबलचक सही. समोशांच्या वेळी अदलाबदल झाली होती. शब्द न् शब्द तपासला आणि शेवटी फोल्डरचा रंग बघायचा राहिला.

साडेनऊला फोन वाजला. मागून एसटी स्टँडचा गोंगाट.

"काकू, मी सोलापूरला आलो. तुमचा देश माझ्याकडं राहिलाय."

"राहू दे. नीट ठेव. कधी येतोस परत?"

"गुरुवारी. कॉलेजच्या गेटवर देतो. माझा आणा मात्र."